खंडेनवमीचा पाना

"आज पान्याला हात लावायचा न्हाई, आक्का," दस्तगीर म्हणाला आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा राहिला.

"लावायचा नाही म्हणजे? अरे, स्टिअरिंग अडकतंय माझं!"

"अडकू दे. आज खंडेनवमी. हत्यारं पुजलीत. उद्या सांजच्याला सोनं वाटून झालं, की पयलं काम तुमचं."

उद्या सांजच्याला! उद्या सकाळीच निपाणीचा माणूस गाडी न्यायला येणार होता. दसऱ्याचा मुहूर्त साधून माझ्या गाडीत त्याला वडापाव आणि नूडल्स विकायचे होते. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू!

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण ते पटांगण अजून जसंच्या तसं दिसतं मला. आजऱ्यातून बाहेर पडून आंबोलीच्या रस्त्याला लागलं, की उजव्या हाताला दस्तगीर मुल्लाणीचं गॅरेज. दारात ताडपत्री अंथरलेली, तिच्यावर पाने, पक्कडी, जॅक, हातोडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. आणि समोर पूर्वेला तोंड करून माझी गाडी, गळ्यात हार, चाकांखाली लिंबं. तीच लिंबं चिरडून मी नुकतीच गाडी पटांगणात वळवली होती. स्टिअरिंग उजवीकडं पार शेवटापर्यंत नेलं, तर आतून कर्रर्र आवाज आला आणि हॉर्न बोबडा बोलायला लागला. मी चटकन स्टिअरिंग मागं घेतलं, म्हणून वाचलं.

गाडी म्हणजे शाळेची जुनी मिनीबस. वीस-बावीस वर्षं गडहिंग्लजच्या पोरांना मी त्याच बसमधून शाळेत पोचवलं. शाळेनं मोडीत काढली तेव्हा आमच्या ह्यांनी ती घेतली आणि बाकडी काढून आत घर केलं. दोन बिछाने, एक ओटा, शेगडी, नळाला टाकीचं पाणी, खिडक्यांना पडदे. निवृत्तीनंतर आम्ही दोघं त्यात बसून हंपी बघितली, गोकर्ण बघितलं, पार रामेश्वरपर्यंत जाऊन आलो. चालवायची मीच. हे शेजारी बसून माझी वाट चुकवायचे.

हे गेले. पुढच्याच वर्षी मी मोरीत घसरले आणि उजवं मनगट असं काही मोडलं, की डॉक्टरांनी आत धातूची पट्टी घालून ते कायमचं सरळ करून टाकलं. तळहातानं स्टिअरिंग धरता यायचं, अंगठा चांगला चालायचा, पण मनगट वळायचं नाव नाही. स्टिअरिंगखालच्या दिव्यांच्या दांडीपर्यंत बोटं पोचायची नाहीत, मधल्या हॉर्नवर हात नेता यायचा नाही. डावा हात गिअरवर असला, की मी मुकी आणि आंधळी. तशी गाडी चालवायची म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ.

मग मी दस्तगीरला गाठलं. नव्या गाड्यांत स्टिअरिंगवरच बटणं असतात, अंगठ्याखाली. ती माझ्या म्हाताऱ्या गाडीला बसव म्हटलं. आधी तो हसला. मग डोकं खाजवलं. मग कुठूनतरी एका चेपलेल्या मोटारीचं स्टिअरिंग घेऊन आला. त्यावरची बटणं गाण्यांची आणि फोनची. दस्तगीरनं त्यांच्या वायरी पार वेगळीकडंच जोडल्या. आवाज वाढवायच्या बटणावर उजवा साइड लाइट, कमी करायच्या बटणावर डावा, गाणं बदलायच्या बटणावर डिपर आणि फोन उचलायच्या बटणावर हॉर्न. सरकारी कचेरीत गाडीतला बदलही दाखवला आणि माझा हातही. साहेबांनी मैदानात गाडी पुढंमागं फिरवून घेतली, मागं घेताना दोनदा थांबवलं आणि शेवटी पास केलं.

सगळं रीतसर झालं. अडलं ते आमच्या घरातच.

ह्यांच्या माघारी गाडीचे कागद माझ्या मुलाच्या, संग्रामच्या नावावर झाले होते. तेव्हा मला कशाचीच शुद्ध नव्हती. दाखवलं तिथं सही केली. मुलगा वाईट नाही हो माझा. पण काळजी करायला लागला, की समोरच्याचा श्वास कोंडेपर्यंत करतो. त्यानं परस्पर निपाणीच्या माणसाला गाडी देऊ केली आणि मला सांगायला गॅरेजात आला, तर मी स्टिअरिंगवर बसून बटणं दाबून बघत होते.

"आई, या वयात या हातानं तू ही गाडी चालवणार?"

"चालवणार."

"कशाला पण? कुठं जायचंय तुला? काशी म्हण, मी विमानानं नेतो. दक्षिण म्हण, गाडी करून देतो, ड्रायव्हरसकट."

"मला माझी गाडी पाहिजे."

"अगं, पण कशाला?"

"पाहिजे म्हणजे पाहिजे."

चारचौघांत आवाज चढला. तो म्हणाला, "मैदानात कुणीही चालवेल! आंबोलीचा घाट उतर आणि चढून दाखव. दाखवलंस, तर गाडी तुझ्या नावावर करतो. नाहीतर दसऱ्याला निपाणीवाला घेऊन जाणार."

"मार टाळी," मी म्हटलं.

त्याला वाटलं होतं मी गप्प बसेन. टाळी द्यावी लागली बिचाऱ्याला. दस्तगीर साक्षीला.

घाटासाठी खंडेनवमीचा दिवस ठरला. संग्रामला त्याच दिवशी सुट्टी होती आणि पूजा झालेली गाडी रस्त्याला काढायला मलाही बरं वाटत होतं. तो, सूनबाई आणि मी कोल्हापुरातून सकाळीच आलो. वृषाली, माझी सून. लग्नाला सहा वर्षं झाली तरी हिचा आवाज आम्ही घरात ऐकलेला तो बहुतेक फोनवर ऑफिसशी बोलतानाचाच. त्या दिवशी नवरात्रातल्या रंगाची जांभळी साडी नेसून, पर्स काखेत धरून एका बाजूला उभी होती. आणि गाडीनं नेमका तेव्हाच हा कर्रर्र आवाज काढला.

दस्तगीरनं खिडकीतून आत मान घातली, मला स्टिअरिंग हळूच फिरवायला लावलं, कान लावून ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"माझंच चुकलं, आक्का."

"काय चुकलं?"

"काल तुमचं साइडचं बटण चिकटत हुतं, म्हणून स्टिअरिंग काढलं. तेवढ्यात सांज झाली. पूजेला गाडीचं तोंड पूर्वेला पायजे, माझ्या उस्तादाचा नेमच हुता तसा. मग स्टिअरिंग न लावताच दांडा पान्यानं पिळला, चौघांनी गाडी ढकलली आणि वळवून लावली. नंतर स्टिअरिंग बसवलं. पर चाकं तिरकीच ऱ्हायली हुती, त्ये ध्यानातच आलं न्हाई."

स्टिअरिंगच्या खाली एक चपटी डबी असते. तिच्यात वायरची पट्टी गुंडाळलेली. स्टिअरिंग फिरेल तशी ती पट्टी उलगडते, परत गुंडाळते, म्हणून बटणांपर्यंत वीज पोचते. दस्तगीर तिला रीळ म्हणायचा. चाकं सरळ असताना रीळ मधोमध पाहिजे. यानं चाकं तिरकी असताना मधोमध धरलं. आता उजवीकडं एक अख्खा वेढा कमी पडत होता.

"साध्या रस्त्याला काय बी हुणार न्हाई," तो म्हणाला. "पर घाटातल्या वळणाला स्टिअरिंग पुरं मारलं, की पट्टी तुटणार. हॉर्न, डिपर, समदं एकदम बंद."

म्हणजे नेमकं जिथं मला बटणांची गरज, तिथंच ती दगा देणार. वा रे वा!

"मग काढ आणि नीट बसव. किती वेळचं काम?"

"काम घटकाभराचं. पर आज न्हाई."

"दस्तगीर!"

"माझ्या उस्तादाला जबान दिलीया, आक्का. शंकर लोहारानं मला हितंच उभं करून सांगितलं हुतं, वर्षातनं एक दिस हत्यारांना इसावा. तेव्हापास्नं एकदा बी मोडलं न्हाई. तुम्ही म्हणाल, मुल्लाण्याला खंडेनवमी कसली. माझा धरम घरात. गॅरेजचा धरम ह्यो."

एवढं बोलून त्यानं डोळे पुसले. त्याच्यावर ओरडावं की त्याला जवळ घ्यावं, मला कळेना.

संग्रामचा चेहरा मात्र उजळला. अगदी बघण्यासारखा. "जाऊ दे, आई," तो मऊ आवाजात म्हणाला, "देवाच्याच मनात नाही, त्याला आपण काय करणार?"

देवाच्या मनात नाही! हे ऐकलं आणि मी गाडीतून उतरले. ताडपत्रीशेजारी गॅरेजच्या भिंतीला देवीचा फोटो होता, आठ हातांची, महिषासुराच्या छातीवर पाय दिलेली. मी फोटोकडं बोट केलं.

"दस्तगीर, हिच्या हातात काय आहे?"

"हत्यारं."

"आज नवमी. हिनं खाली ठेवलीत का?"

त्यानं हात परत पाठीमागं बांधले.

"अरे, हिनं आजच्या दिवशी विसावा घेतला असता, तर उद्या दसरा कसला करणार होतास तू? रेड्याचा?"

शेजारचा पंक्चरवाला फिस्सकन हसला. दस्तगीर फोटोकडं बघत राहिला, मग माझ्याकडं.

"तुमचं बरोबर असंल, आक्का. पर मी हात लावणार न्हाई. जबान ती जबान."

"तू लावू नकोस. मी कुणाला जबान दिलेली नाही."

दस्तगीरनं टोपी सारखी केली. "मी च्या सांगून येतो," तो म्हणाला. "लांबच्या हाटेलातनं." दोन पावलं गेला आणि आमच्याकडं पाठ करूनच, कुणाला उद्देशून नाही असं मोठ्यांदा बोलायला लागला, "आदी बॅटरीची वायर काढत्यात. चाकं सरळ करत्यात. मधला नट मोठ्या पान्यानं, मग पुलर लावून स्टिअरिंग वडत्यात. रीळ एका अंगाला शेवटपातूर फिरवायचं, मग दुसऱ्या अंगाला वेढे मोजायचे आणि निम्म्यावर धरायचं. या अल्ला, काय ऊन पडलंय!" आणि गेला.

मी ताडपत्रीपाशी गेले, देवीला हात जोडले आणि मोठा पाना उचलला. झेंडूचं फूल घरंगळलं. संग्राम "आई, आई" करत मागं आला, मी ऐकलंच नाही. बॅटरीची वायर काढली, चाकं सरळ केली, नटाला पाना लावला आणि जोर दिला.

नट हलेना. डाव्या हातानं पाना धरला तर स्टिअरिंग फिरायचं. स्टिअरिंग धरायला उजवा हात पुढं केला तर मनगटात अशी कळ आली, की डोळ्यांसमोर काजवे चमकले. परत लावला. परत तेच. संतापानं रडू यायला लागलं मला. सगळ्या जगाला सुनावून झालं होतं आणि आता एका नटापुढं मी हात टेकणार होते.

"पाहिलंस?" संग्राम म्हणाला. तो चिडवत नव्हता, खरंच त्याला वाईट वाटत होतं, आणि तेच जास्त झोंबत होतं. "मी हेच सांगत होतो. एका हाताचं काम नाही हे. ठेव तो पाना, आई."

तेवढ्यात माझ्या हातातून पाना कुणीतरी काढून घेतला. वृषाली! पर्स शेजारच्या सीटवर फेकलेली, पदर कमरेला खोचलेला.

"तुम्ही स्टिअरिंग धरा, आई. दोन्ही कोपरांनी धरलं तरी चालेल."

"वृषाली," संग्राम म्हणाला, "ठेव ते खाली."

"ठेवते," ती म्हणाली. "काम झालं की."

मी स्टिअरिंगवर आडवीच झाले. तिनं पान्यावर सगळा भार टाकला. एकदा, दोनदा, आणि कट् करून नट सुटला. पुलर कसा लावायचा ते मी सांगितलं, तिनं लावला. रीळ फिरवताना दोघींनी मिळून वेढे मोजले, चुकलो, परत मोजले. तिच्या गोऱ्या हातांना ग्रीस आणि कुंकू एकत्र लागलं होतं. जांभळ्या साडीवर काळा पंजा उमटला. संग्राम हाताची घडी घालून बघत होता. त्यानं थांबवलं नाही आणि मदतही केली नाही. स्टिअरिंग बसवून मी उजवीकडं पार शेवटापर्यंत फिरवलं आणि अंगठा दाबला. हॉर्न असा खणखणीत वाजला, की पंक्चरवाल्याच्या हातातला टायर सुटला.

लांबच्या हाटेलातून दस्तगीर लगेच चहा घेऊन आला. मला वाटतं तो कोपऱ्यावरच उभा होता.

घाट सुरू झाला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. संग्राम माझ्या शेजारी, वृषाली मागच्या बिछान्यावर. उतरताना फार काही घडलं नाही. गिअर खालचा ठेवला, ब्रेक जपून वापरला. प्रत्येक वळणाआधी अंगठा, प्रत्येक वळणात अंगठा. संग्राम मात्र प्रत्येक वळणाला पायानं जमीन दाबत होता, जणू त्याच्याकडंही एक ब्रेक आहे. धबधब्यापाशी फिरायला आलेली माणसं रस्त्याच्या मध्यावर उभी राहून फोटो काढत होती. त्यांना हॉर्ननं असं हटवलं, की माकडंसुद्धा झाडावर चढली.

पायथ्याला दाणोलीपाशी गाडी वळवली, तसा संग्राम म्हणाला, "पुरे, आई. पटलं मला. चढताना मी चालवतो."

"अर्धाच झालाय."

"पण पटलं ना आता!"

"तुला पटावं म्हणून नाही चालवत मी," म्हटलं आणि गिअर टाकला.

चढ कठीणच होता. गाडी म्हातारी, आत घराचं वजन. मधल्या एका उजव्या वळणावर वेग गेला, मला पहिल्यावर यावं लागलं. डावा हात गिअरवर, उजव्या तळव्यानं स्टिअरिंग पार शेवटापर्यंत ओढलेलं. वरून काही येतंय का ते डोंगरानं दिसत नव्हतं. मी अंगठा दाबला आणि दाबूनच ठेवला. हॉर्न तुटला नाही, बोबडा झाला नाही, सलग वाजत राहिला. आणि वळणाच्या पलीकडं ब्रेक करकचल्याचा आवाज आला. जांभ्या दगडानं भरलेला ट्रक होता. आख्खा रस्ता अडवून खाली येत होता, हॉर्न ऐकून जागीच थांबला होता. त्याच्या नाकासमोरून मी गाडी काढली. ट्रकवाल्यानं हात वर केला, मी मान हलवली. माझा एकही हात मोकळा नव्हता.

संग्रामचा पाय जमिनीवरून उठला, तो परत वर पोचेपर्यंत टेकला नाही.

वर आंबोलीत मी गाडी एका चहाच्या टपरीपाशी लावली. खाली उतरले. आतून असा काही जोर चढला होता, की वाटलं, परत एकदा उतरून चढून यावं. संग्रामनं तिथंच निपाणीवाल्याला फोन लावला. गाडी मिळणार नाही, माफ करा, म्हणाला. मग माझ्यासमोर उभा राहिला.

"कागद तुझ्या नावावर करतो. शब्द म्हणजे शब्द. पण आई, आता तरी सांग. जायचंय कुठं तुला?"

"कुठंच नाही."

"म्हणजे?"

तेव्हा मी सांगितलं. इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर त्याला लागलं असतं, आणि मला ते मागितल्यासारखं झालं असतं.

"संग्राम, गडहिंग्लजचं घर विकून तुझा फ्लॅट झाला. चांगलं झालं, माझी तक्रार नाही. पण तिथं मी हॉलमध्ये झोपते. तू पाणी प्यायला उठलास, की मी पाय जवळ घेते. सकाळी दूधवाला आला, की पांघरूण गुंडाळून सोफा सारखा करते. कपडे बदलायचे तर बाथरूम रिकामी व्हायची वाट बघते. रडायचं असलं तरी टीव्ही मोठा करते. मला एक दार पाहिजे रे. आतून कडी लावता येईल असं. या गाडीला आहे. म्हणून पाहिजे. आणि दार ज्याचं, त्याला गाडीही चालवता आली पाहिजे. नाहीतर कुणीही ओढून नेईल दारासकट."

त्याचा चेहरा पडला. तो काहीतरी म्हणणार होता, फ्लॅटमध्ये पार्टिशन घालतो, असलंच काहीतरी. मी त्याला बोलू दिलं नाही. लागलं असेल त्याला, लागू दे. मलाही लागत होतं इतकी वर्षं.

वृषाली आमच्या मागंच उभी होती. हातावरचं ग्रीस अजून तसंच. तिनं सगळं ऐकलं होतं. ती वळली, गाडीच्या मागच्या दाराच्या पायऱ्या चढली, आत गेली आणि दार ओढून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आम्हा दोघांना स्पष्ट ऐकू आला.

संग्राम बघतच राहिला. "हिला काय झालं?" म्हणाला आणि दार वाजवायला हात उचलला.

मी माझ्या त्या न वळणाऱ्या उजव्या हातानं त्याचा हात धरला.

"वाजवायचं नाही," मी म्हटलं. "ती उघडेल तेव्हा उघडेल."